आंतरराष्ट्रीय पदवीची अकोल्यातली चौकशी

केशवराव गावंडे यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणाचाही आकडा नुसता तोंडी ऐकून मान्य केला नव्हता. ग्रामपंचायतींची दप्तरं तपासणं ही त्यांची नोकरी, आणि समोरच्यानं काहीही सांगितलं की "पावती दाखवा" म्हणणं हा त्यांचा स्वभाव. हा स्वभाव नोकरीमुळे आला की नोकरी स्वभावामुळे मिळाली, याचा निकाल त्यांच्या बायकोला, साधनाबाईंना, सत्तावीस वर्षांच्या संसारात लावता आलेला नव्हता. भाजीवाल्याकडून त्या पावती आणत नाहीत, एवढा एकच आक्षेप त्यांच्यावर होता, पण तो पहिल्या वर्षापासून प्रलंबित होता.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत तर केशवरावांच्या नावाची एक बादलीच होती. लोखंडी बादली, तिचा तळ गंजून गळून गेलेला. ग्रामसेवकानं ती निर्लेखित करून मागितली, म्हणजे वहीतून काढून टाकायची परवानगी मागितली. केशवरावांनी बादली प्रत्यक्ष पाहिली, तिच्या आरपार ग्रामसेवकाचा चेहरा पाहिला, आणि सही केली नाही. तेव्हापासून अकरा वर्षं ती बादली रजिस्टरमध्ये जिवंत आहे. चार ग्रामसेवक बदलून गेले आणि प्रत्येकानं तिचा चार्ज रीतसर घेतला.

अशा माणसाच्या घरात, मे महिन्याच्या भर उन्हात, त्यांची एकुलती एक मुलगी रागिणी हिनं जाहीर केलं की तिला आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयात एम. ए. करायचं आहे, पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात तिचा नंबर लागला आहे, आणि दोन वर्षांचा खर्च चौदा लाख रुपये आहे.

केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चौदा लाख तसेच होते.

खरं तर त्यांना मुलीचं कौतुक होतं. ती सहावीत असल्यापासून पेपरातल्या परदेशच्या बातम्या त्यांना वाचून दाखवायची. कुठल्याशा देशात सरकार पडलं की गावंडेंच्या घरी चहा उशिरा व्हायचा. तिच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता, त्यावर अमरावती तिनं स्वतः पेनानं टोचून दाखवलेली होती, कारण छापणाऱ्याला तिची गरज वाटली नव्हती. त्यामुळे केशवराव नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पाहू. हिशोब मांडू." हे वाक्य ऐकून आजवर चांगल्या चांगल्या सरपंचांची झोप उडालेली होती.

हिशोबासाठी दोनशे पानी वही आणली. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे कर्ज, उजवीकडे कमाई. डावी बाजू भरायला दहा मिनिटं पुरली. चौदा लाख, शिकत असतानाचं व्याज धरून सोळा, दहा वर्षांची मुदत, हप्ता एकवीस हजार सहाशे. उजवी बाजू मात्र कोरी राहिली. विद्यापीठाच्या गुळगुळीत पुस्तिकेत "सरासरी पॅकेज नऊ लाख" असं मोठ्या अक्षरात होतं आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. सामान्य बाप नऊ लाख वाचून पान उलटतो. केशवरावांनी चांदणी शोधत शोधत शेवटचं पान गाठलं. तिथं मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की ही सरासरी ज्यांनी माहिती कळवली त्यांचीच आहे. विद्यार्थी सेहेचाळीस होते. कळवलं अकरांनी होतं.

"उरलेले पस्तीस कुठं आहेत?" केशवरावांनी विचारलं. रागिणीला ते माहीत नव्हतं. साधनाबाई म्हणाल्या की असतील आपापल्या घरी.

मधल्या काळात कॉलनीला वार्ता लागली होती. सल्ला द्यायला पहिले आले शेजारचे शफीभाई. त्यांचा जुन्या सोफ्यांना नवी कापडं चढवायचा धंदा होता, आणि जगातल्या सगळ्या व्यवहारांकडे ते सोफ्याच्या बाजूनं पाहायचे. विद्यापीठानं जागा राखून ठेवायला आठ दिवसांत पन्नास हजार मागितलेत, आणि ते परत मिळणार नाहीत, हे कळल्यावर ते म्हणाले, "साब, बयाना देऊन टाका. बयाना दिला म्हणजे सौदा झाला असं थोडीच हाय. माल आपल्या नावानं बाजूले राहते, बस. बाकी हिशोब आरामसे करा." त्यांच्या मुलीच्या, जेबाच्या, बी. फार्मच्या वेळी त्यांनी असंच केलं होतं आणि आज तिचं स्वतःचं मेडिकल होतं. केशवरावांना पटायला नको होतं, पण आठवा दिवस उजाडला तेव्हा रागिणी सकाळपासून काहीच बोलत नव्हती, आणि त्या न बोलण्यात त्यांनी पन्नास हजार भरून टाकले. हिशोब पुरा होण्याआधी पैसा खर्ची पडला होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्यावर त्यांनी दीड पानाचा शेरा मारला असता.

दुसरे सल्लागार समोरच्या घरातले प्राध्यापक नागसेन. सबंध कॉलनीत हा विषय ज्यांना कळत होता असे ते एकटेच. त्यांनी डॉक्टरेट घेतली होती, तीही आंतरराष्ट्रीय संबंधांवरच, आणि एका कॉलेजात तासाच्या हिशोबानं शिकवत होते. विषय किती सुंदर आहे, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. समुद्र कुणाचा, नदीचं पाणी कुणाचं, माणूस देश सोडून का जातो. केशवराव सुद्धा ऐकता ऐकता रमले. मग भानावर येऊन त्यांनी विचारलं की सर, मिळतं किती.

"मागच्या ऑक्टोबरचं अजून यायचं आहे," नागसेन म्हणाले. "पण करू द्या पोरीले. विषय फार चांगला आहे."

केशवरावांनी उजव्या बाजूला पेन्सिलनं 'ऑक्टोबर?' असं लिहिलं आणि खोडलं.

बँकेनं तर त्यांना पुरतं उन्हात उभं केलं. पदवीच्या नावात आंतरराष्ट्रीय आहे हे पाहून टेबलावरच्या बाईंनी परदेशी शिक्षणाचा अर्ज दिला. त्याला पासपोर्ट लागत होता. पुणं परदेशात नाही, हे केशवरावांनी नकाशासकट सांगितलं, पण बाई म्हणाल्या की सिस्टीम पासपोर्ट मागते. केशवरावांनी रागिणीचा पासपोर्ट काढला. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदाराला चहा पाजला. पासपोर्ट घेऊन गेले तेव्हा बाईंची बदली झाली होती, आणि नव्या साहेबांनी विचारलं, "पासपोर्ट कशाला? पुण्यालाच तर चालली." मग त्यांनी साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हणून घर तारण मागितलं. घराची कागदं काढली तर जमिनीच्या पत्रिकेवर अजूनही ज्याच्याकडून प्लॉट घेतला त्या गृहस्थांचं नाव होतं. ते वारून नऊ वर्षं झाली होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांची दप्तरं तपासणाऱ्या माणसाचं स्वतःच्या घराचं दप्तर असं निघालं, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. साधनाबाईंनी मात्र तीन घरी सांगितली.

घर नावावर करण्यात बारा दिवस आणि बरीच लाज खर्च झाली. कागद तयार झाले. आता फक्त सही राहिली होती, आणि वहीची उजवी बाजू अजून कोरी होती. त्यावर केशवरावांच्या धंद्यात एकच उपाय असतो, प्रत्यक्ष पडताळणी. बादली आहे म्हणतात ना, मग बादली दाखवा. हीच पदवी घेतलेला एक तरी हाडामांसाचा माणूस समोर बसवून त्याला विचारायचं, की बाबा रे, तुझं कर्ज किती आणि पगार किती.

माणूस रागिणीनंच काढून दिला. अकोल्याचा एक नितेश म्हणून मुलगा, चार वर्षांपूर्वी त्याच विद्यापीठातून तीच पदवी घेतलेला. वडील किसनराव, निवृत्त शिक्षक, जठारपेठेत घर. "त्याले जाऊन इचारा तुमी," रागिणी म्हणाली. "तुमी स्वतः इचारा बाबा. फोनवर नाही."

केशवरावांना मुलीचा अभिमान वाटला. प्रत्यक्ष पडताळणीचं महत्त्व रक्तातूनच उतरतं, असं ते साधनाबाईंना म्हणाले.

आता एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या मुलाचा पगार विचारायचा, तर मध्ये ओळखीचं माणूस हवं. अकोल्यात केशवरावांची चुलत बहीण होती, सुभद्राबाई. केशवरावांनी तिला फोन करून सांगितलं, की त्या किसनरावांच्या मुलाची जरा चौकशी करायची आहे. पगार किती, डोक्यावर कर्ज किती, पुण्यात राहतो तर स्वतःचं घर आहे की भाड्याचं, आणि मुलगा सुट्टीत अकोल्याला केव्हा येतो. सुभद्राबाईंनी चारही प्रश्न पुन्हा एकदा विचारून घेतले. मग अतिशय मायेनं म्हणाल्या, "दादा, तू फक्त ये. बाकी मी पाहून घेतो."

बावीस वर्षांच्या मुलीच्या बापानं सव्वीस वर्षांच्या मुलाबद्दल हे चार प्रश्न विचारले, तर वऱ्हाडात त्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही. हे अमरावतीच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण केशवरावांच्या डोक्यात तेव्हा फक्त उजवी बाजू होती. शिवाय सुभद्राबाईंनी आजवर तेवीस लग्नं जमवली होती, हे त्यांना माहीत होतं. ते आठवलं मात्र मूर्तिजापूर मागे टाकल्यावर, एस. टी. च्या खिडकीतून गरम वारा तोंडावर येत असताना. आठवलं, आणि त्यांनी ते सोडून दिलं.

किसनरावांच्या घरात कूलर दोन होते आणि दोन्ही केशवरावांकडे तोंड करून लावले होते. सोफ्यावर धुतलेल्या खोळी होत्या. घडी अजून मोडलेली नव्हती. किसनराव पांढऱ्या सदऱ्यात, त्यांच्या पत्नी पार्वताबाई ठेवणीतल्या साडीत, आणि मूर्तिजापूरहून खास बोलावलेले मामा. मुलगा नितेश कोपऱ्यात खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, चेहरा असा की दाढ काढायला बसवला आहे. केशवरावांना वाटलं, काय अगत्याची माणसं आहेत. एका पगाराच्या आकड्यासाठी केवढी तयारी.

त्यांनी पिशवीतून वही काढली. मुलगा पाहायला वही घेऊन आलेला माणूस त्या घरानं पहिल्यांदाच पाहिला असावा. किसनरावांनी घाम पुसला. मामांनी मात्र समाधानानं मान हलवली आणि सुभद्राबाईंच्या कानाशी म्हणाले, की माणूस पक्का दिसतो.

पार्वताबाईंनी शेव घातलेल्या पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "पोरीले नाही आणलं संग?"

केशवरावांचा घास तिथंच थांबला. एका क्षणात सगळं दिसलं. खोळी, मामा, कूलर, सुभद्राची माया. आता उठून उभं राहावं, हात जोडावे, सांगावं की गैरसमज झाला, माझं काम वेगळंच आहे. हेच योग्य होतं आणि हे त्यांना पूर्ण कळत होतं. पण तसं सांगितलं तर या घराचा अपमान होणार, सुभद्रा जन्मभर बोलणार नाही, आणि मुख्य म्हणजे आकडा मिळणार नाही. शंभर किलोमीटर येऊन आकडा न घेता परत जायचं, हे त्यांच्या पोटाला पटेना.

"तिची परीक्षा आहे," केशवराव म्हणाले. परीक्षा कधीच संपली होती. एकतीस वर्षांतली ही पहिली खोटी नोंद, आणि ती पोह्यांबरोबर गिळली गेली.

मग चौकशी रीतसर पार पडली. पगार किती, असं विचारल्यावर नितेशनं तोंड उघडलं, पण किसनरावांनी त्याच्या आधी सांगितलं, पंच्याऐंशी हजार. मामा म्हणाले की वरून इन्सेंटिव्ह वेगळा. शिक्षणाचं कर्ज काढलं होतं का? काढलं होतं, सारं फिटलं, किसनराव म्हणाले. केव्हा फिटलं? मागच्या दिवाळीले. मामा म्हणाले, दिवाळीच्या आधीच. कंपनी काय करते? यावर किसनरावांनी मामांकडे पाहिलं, मामांनी पार्वताबाईंकडे, आणि पार्वताबाई आणखी पोहे आणायला उठल्या. साऱ्या जगाचं काम आहे, असं शेवटी मामांनी सांगितलं.

केशवराव नव्या नोकरीवाल्यांना नेहमी शिकवायचे की ज्याच्याकडे खरी पावती असते तो ती शोधायला वेळ लावतो. जो आकडा विचारल्याबरोबर समोर येतो, गोल असतो, आणि दुसरा माणूस त्यात भर घालतो, त्याखाली लाल रेघ मारायची. हे सगळं त्यांना त्या कूलरच्या वाऱ्यात आठवत होतं. तरी त्यांनी उजव्या बाजूला लिहिलं, पंच्याऐंशी हजार. पेन्सिलनं नाही, पेनानं. कारण त्यांना हाच आकडा हवा होता. एकवीस हजार सहाशे वजा केले तरी पोरीच्या हातात त्रेसष्ट हजार चारशे उरत होते. त्यांच्या छातीवरचं महिन्याभराचं ओझं उतरलं आणि त्यांनी दुसरी बशी पोहे मागून घेतले.

निघताना स्टँडवर सोडायला नितेश स्वतःहून उठला. स्कूटर त्यानं स्टँडवर नेली नाही. अलीकडे एका रसवंतीवर थांबवली, दोन ग्लास सांगितले आणि ग्लासाकडे पाहत म्हणाला, "काका, तुमच्या वहीतला आकडा खोटा हाय."

केशवरावांनी एक घोट घेतला. रस थंड होता.

"एकतीस हजार मिळतात मले. बाहेरदेशच्या बातम्या वाचतो, कोणती कशाची हाय त्याच्या चिठ्ठ्या लावतो. दिवसभर तेच. साडेसतरा हप्त्यात जातात. सहा हजार खोलीचं भाडं, तिघांत माझा वाटा. उरलं त्याच्यात जेवण. महिना पुरत नाही, बाबा त्यांच्या पेन्शनमधून पाच पाठवतात. चार वर्षं झाली. अजून सहा राहिली."

"मग शिकलास ते फुकट गेलं म्हणायचं?"

नितेशनं ग्लास हातात फिरवला. "तेच तर सांगता येत नाही काका. ते दोन वर्षं जे वाचलं, जे ऐकलं, तसं आयुष्यात पुन्हा होणार नाही. पण त्या दोन वर्षांचं भाडं मी बाबांच्या म्हातारपणातून देऊन राहिलो." ग्लास त्यानं खाली ठेवला. "करावं का नाही करावं, ते मले इचारू नका. आकडा इचारा. आकडा एकतीस हाय."

एस. टी. त केशवरावांनी वही उघडली. पंच्याऐंशी हजारांच्या खाली त्यांनी एकतीस लिहिलं, एकवीस हजार सहाशे वजा केले. नऊ हजार चारशे. पुण्यात, एका मुलीनं, महिनाभर. त्यांनी बेरीज पुन्हा केली, वजाबाकी पुन्हा केली. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. बडनेऱ्यापर्यंत त्यांनी काय बोलायचं ते पाठ केलं. बेटा, नाही जमत. अमरावतीतच एम. ए. कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. पन्नास हजार गेले ते गेले. वाक्य चांगलं होतं, त्यात कुठंही चूक नव्हती.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. रागिणी दारातच उभी होती. तिनं पाणी आणून दिलं आणि समोर बसली. साधनाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. शफीभाई लुंगीवरच येऊन पायरीवर बसले, कारण बयाना त्यांच्या सल्ल्यानं दिला होता आणि सौद्याचं काय झालं हे ऐकायचा त्यांना हक्क होता.

केशवरावांनी वही उघडली. दोन्ही आकडे एकाखाली एक होते. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं श्वास धरून ठेवला होता, सहावीत निकालाच्या दिवशी धरायची तसा. आणि पाठ केलेलं वाक्य त्यांना सापडेना.

"पंच्याऐंशी हजार," ते म्हणाले. "कर्ज चार वर्षांत फिटलं पोराचं. मी स्वतः जाऊन पाहिलं. सोमवारी बँकेत सही करतो."

शफीभाईंनी गुडघ्यावर थाप मारली. बयाना वाया जात नाही म्हणून सांगत होतो, असं म्हणत ते ही वार्ता जेबाच्या आईला सांगायला गेले. साधनाबाईंनी पदरानं डोळे टिपले. रागिणी मात्र हलली नाही. ती बापाकडे पाहतच राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "नितेश तुमाले स्टँडवर सोडाले आला नव्हता?"

"आला होता ना."

"काही बोलला नाही?"

केशवरावांनी वही मिटली. एवढं एक उत्तर पुरेसं होतं, हिशोबाच्या माणसाच्या मुलीला.

"मी बोलली होती त्याच्याशी," रागिणी म्हणाली. "महिना झाला. मले माहीत हाय एकतीस. मीच सांगतलं त्याले, बाबा आले की खरं सांगजो म्हणून."

"मग मले काहून पाठवलं?"

तिनं मिटलेल्या वहीकडे पाहिलं. "मले स्वतःले नाही म्हणता येत नव्हतं. म्हटलं तुमी जाल, आकडा पाहाल, अन् नाही म्हणून याल. तुमी तर त्या बादलीलेही सोडलं नाही. मंग मी चार दिवस जेवणार नव्हती. तुमच्याशी बोलणार नव्हती. मंग हळूहळू झालं असतं सारं." तिनं वर पाहिलं. "आता राग कोणावर काढू मी?"

साधनाबाई चौकटीतून पुढे आल्या आणि मध्येच थांबल्या. केशवरावांना वाईट वाटलं ते खोटं पकडलं गेल्याचं नव्हे. जन्मभर प्रत्येकाला नाही म्हणत आले, आणि ज्या एका दिवशी पोरीला त्यांच्या नाहीची गरज होती, नेमका त्याच दिवशी त्यांचा जीव विरघळला. एवढा मोठा दोष त्यांनी आजवर कुणाच्या दप्तरात पाहिला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून किसनराव. आवाजात पांढरा सदरा तसाच कडक होता. आमच्याकडून होकार समजा, ते म्हणाले, सुभद्राबाईंनी मुलीचा फोटो दाखवला, घरात सगळ्यांना पसंत आहे. फक्त एक लहानशी गोष्ट विचारायची राहून गेली.

"पोरीच्या शिक्षणाचं काही कर्ज-बिर्ज तर नाही ना तिच्यावर? नाही, म्हणजे आमची काही हरकत नाही. पण एका घरात दोन दोन हप्ते..." आणि किसनराव थांबले. काय बोलून गेलो, हे त्यांना बोलल्यावर कळलं असावं.

केशवरावांनी रागिणीकडे पाहिलं. ती ऐकत होती.

"नाही," केशवराव म्हणाले. "पोरीवर कर्ज नाही. होणारही नाही."

रागिणीनं मान खाली घातली आणि खोल श्वास सोडला. कुणी काही ठरवलं नव्हतं. अकोल्याच्या एका माणसानं भलत्याच कारणासाठी प्रश्न विचारला होता आणि त्याच्या उत्तरात चौदा लाख, दोन वर्षं आणि भिंतभर नकाशा निकालात निघाला होता. फोनवर किसनराव खूश होऊन बैठकीची तारीख विचारू लागले. तेव्हा केशवरावांनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की गुरुजी, माफ करा, मी स्थळ पाहायला आलोच नव्हतो.

"मंग कशाले आले होते?"

"पगार इचाराले."

पलीकडे कूलर बंद केल्याचा खटका ऐकू आला. केशवरावांना वाटलं, आता हा माणूस शिव्या देणार, आणि द्याव्यात. पण किसनराव बोलले तेव्हा आवाजातली इस्त्री गेली होती.

"लग्नासाठी नव्हतं, तर मंग खरं लिहून घ्या साहेब," ते म्हणाले. "एकतीस हाय." आणि फोन ठेवून दिला.

केशवरावांनी पेन काढलं. पंच्याऐंशी हजारांवर एक आडवी रेघ मारली, रेघेखालचा आकडा वाचता येईल अशी, आणि खाडाखोड केली म्हणून नियमाप्रमाणे बाजूला आद्याक्षरांची सही केली. मग पानाच्या तळाशी लिहिलं, जागा राखण्यासाठी भरलेले रुपये पन्नास हजार, वसुलीची शक्यता नाही, सबब निर्लेखित. हा शब्द त्यांनी आपल्या हातानं पहिल्यांदाच लिहिला. लिहून झाल्यावर त्यांनी वही रागिणीपुढे सरकवली. एकट्याच्या सहीनं निर्लेखन होत नाही, वरच्या अधिकाऱ्याची लागते, असं म्हणाले.

तिनं पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"बाबा, त्या बादलीले तळच नव्हता. अकरा वर्षं कशाले ठेवली तुमी वहीत?"

केशवरावांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले.

"वाटलं होतं," ते म्हणाले, "कोणीतरी तळ बसवून घेईल."

रागिणीनं सही केली. खाली तारीख टाकायची राहिली होती, ती त्यांनी दाखवली, आणि तिनं तीही टाकली.